काकांचा प्रोग्रॅम

दिवाळीपासून मी भेटेल त्याला एकच गोष्ट सांगत सुटले आहे. नवऱ्याला सांगून झाली, स्टाफरूममध्ये दोनदा झाली. काल भाजीच्या गाड्यापाशी फोनवर बहिणीला सांगता सांगता मेथीची जुडी हातात तशीच राहिली आणि भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, "ताई, आधी पैसे द्या, मग बोला." बहीण म्हणाली, "अगं, पण तू हेच तर शिकवतेस ना? मग त्यात नवीन काय?" तेच तर! अठरा वर्षं शिकवतेय आणि मला पत्ता नव्हता!

झालं असं. आमचा विद्यापीठातला कॉम्प्युटरचा विभाग. एमसीए शिकवतो आणि विभागाचा कारभार तीन एक्सेल फाइलींवर चालतो. हसू नका, शिंप्याच्याच अंगात उसवलेला सदरा असतो. एका फाइलीत हजेरी, दुसरीत इंटर्नलचे गुण, तिसरीत प्रोजेक्टचे ग्रुप. एका फाइलीतल्या दीपालीच्या स्पेलिंगमध्ये एक ई, दुसरीतल्या दीपालीत दोन, त्यामुळे जोडायला गेलं की दोन दीपाली होतात. नोव्हेंबरात नॅकच्या मूल्यांकनासाठी माहिती काढताना आम्ही चौघी रात्री साडेआठपर्यंत त्या दोन दीपालींची एक करत बसलो होतो. दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगमध्ये एचओडी सर म्हणाले, "दरवर्षी साठ मुलं प्रोजेक्ट करतात. पंधरा ग्रुप. मग आपली सिस्टीम त्यांच्याकडूनच का नाही करून घेत? मॅडम, तुम्ही जरा बघा. जमेल की नाही, दोन पानांचा रिपोर्ट द्या."

माझं उत्तर तिथेच तयार होतं. नाही. फक्त 'नाही'ला पुरावा हवा म्हणून मी प्रोजेक्टचं कपाट उघडलं.

ज्यांनी ते कपाट पाहिलं नाही त्यांना सांगते. काळ्या रेक्झिनची, सोनेरी अक्षरांची ब्लॅक बुकं, एकावर एक, वर्षानुवर्षांची. आत प्रमाणपत्र, आभार, आकृत्या, आणि शेवटच्या पुठ्ठ्याला चिकटवलेल्या कागदी खिशात एक सीडी. आता सीडी वाचायची सोय विभागातल्या एकाही मशीनला नाही. लॅबमधल्या काकांकडून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह मागून आणला आणि बसले. 'कॉलेज मॅनेजमेंट', 'स्मार्ट कॅम्पस', 'ऑनलाइन अटेंडन्स', 'ई-कॅम्पस', अशी आपल्याच कामाची वाटणारी बावीस पुस्तकं निवडली. चार संध्याकाळी गेल्या त्यात.

दोन सीड्या कोऱ्या! एकीत गाणी होती, आणि ती चांगली होती. बऱ्याच पीएचपीत लिहिलेल्या, पण पीएचपीची सातवी आवृत्ती २०१५ च्या डिसेंबरात आली आणि तिने मायएसक्यूएलशी बोलणारी जुनी फंक्शनं काढूनच टाकली, त्यामुळे पहिल्याच ओळीला दम तुटायचा. एका प्रोजेक्टचा डेटाबेसच दिलेला नव्हता, तो त्या मुलाच्या लॅपटॉपवर राहिला आणि लॅपटॉप बहुधा हिंजवडीला गेला. पासवर्ड उघडेच ठेवलेले. टेस्टिंगच्या तक्त्यात ओळीने 'पास', 'पास', 'पास'. बावीसातले तीन उघडले, आणि त्या तिघांतही सोमवारी सकाळी विभागात लावून चालवावा असा एकही नाही. प्रत्येक प्रमाणपत्राखाली 'गाइड' म्हणून सह्या आमच्याच. सहा ठिकाणी तर माझी. म्हणजे व्हायवा झाल्यावर यातलं काही चालतं का, हे आम्ही कोणीही, कधीही, पाहिलेलंच नव्हतं.

तर 'नाही' सिद्ध झालं. रिपोर्टचं पहिलं पान लिहून झालं. आणि मी सीडी ड्राइव्ह परत करायला लॅबमध्ये गेले.

काकांनी ड्राइव्ह उलटसुलट करून पाहिला, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि समोरच्या कॉम्प्युटरवर माझं नाव टाईप करायला लागले. मी सहज वाकून पाहिलं. पांढरीशुभ्र पाटी, एक खोका, तीन बटणं: 'दिलं', 'परत आलं', 'नो ड्यूज'. बास!

"काका, हे काय?"

"आपलं इश्यू रजिस्टर, मॅडम."

"कोणी दिलं?"

"आपल्याच पोरांनी केलंय. झाली की दहा-अकरा वर्षं."

मी खाली बसले. खरंच बसले, त्यांच्या शेजारच्या तीन पायांच्या स्टुलावर. दहा-अकरा वर्षं! माझ्या नाकासमोर विद्यार्थ्यांनी लिहिलेला एक प्रोग्रॅम दहा वर्षं रोज चालतोय आणि मी वर कपाटात त्याचं प्रेत शोधत होते!

मग काकांनी सांगितलं ते असं. वहीतलं रजिस्टर सारखं हरवायचं, माऊस आणि पेन ड्राइव्ह कोणाकडे गेले कळायचं नाही. एक मुलगा प्रोजेक्टसाठी विषय शोधत होता, काकांनी त्याला धरलं. तो दोन महिने याच स्टुलावर बसला. काका मुलांना सामान द्यायचे आणि तो बघायचा. पुढच्या वर्षी तो पास होऊन गेला, मग विंडोज बदललं आणि प्रोग्रॅम बंद पडला. तेव्हा काकांनी काय करावं? सत्र संपताना प्रत्येकाला नो ड्यूजवर काकांची सही लागते. चांगला कोड लिहिणारी म्हणून नाव असलेली एक मुलगी सही घ्यायला आली, तर काका म्हणाले, "आधी हे चालू करून दे, मग सही." तिने दिलं. त्यानंतर दरवर्षी एकदोघांकडून ही खंडणी वसूल! कोणी मराठी नावं नीट दिसतील असं केलं, कोणी छापायची सोय केली. मुलं बदलत गेली, स्टूल तेच राहिलं.

आणि काकांना त्यातलं सगळं माहीत! कोडची एक ओळ त्यांना वाचता येत नाही, पण ती ओळ का आहे ते येतं. "परत आलं दाबलं की दुसरी खिडकी येते ना, ती मी मागून घेतली. माऊस परत यायचा, पण मेलेला यायचा. म्हणून 'चालू' की 'बंद' विचारायचं." "इथे आडनाव आधी, कारण मस्टरला आडनाव आधी आहे. यावरून पहिल्या पोराशी माझी चांगलीच जुंपली होती." "तीन दिवस झाले की नाव लाल होतं. पण शनिवार धरायचा नाही, ते आधीच्या सरांनी ठरवलेलं." मी वेड्यासारखी ऐकत होते.

त्या पहिल्या मुलाचं ब्लॅक बुक मग मी शोधून काढलंच. सापडलं. एकशे चार पानं, चार मॉड्यूल, तीन पातळ्यांचं लॉगिन. यातलं काहीही खाली चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये नाही. ते सगळं फक्त आम्हाला दाखवायला लिहिलं होतं. आणि मूल्यमापनाच्या कागदावर, माझ्याच अक्षरात: 'स्कोप फारच मर्यादित.' गुण कमी. सही माझी.

त्या रात्री मी झोपले नाही, आणि माझं वाचन सुरू झालं ते अजून थांबलेलं नाही. पहिल्यांदा हाती लागला पीटर नाऊर. डेन्मार्कचा हा गृहस्थ मुळात खगोलशास्त्रज्ञ. आम्ही त्याचं नाव फक्त व्याकरण लिहिण्याच्या पद्धतीत शिकवतो, बॅकस-नाऊर म्हणून, आणि पुढे जातो. त्याने १९८५ साली एक निबंध लिहिला. त्यात त्याचं म्हणणं असं की प्रोग्रॅम म्हणजे कागदावरचा कोड हे खरं नाही. तो लिहिताना लिहिणाऱ्यांच्या मनात जी उमज तयार होते, जग असं आहे म्हणून हे असं केलं, ती खरी चीज. तो तिला थिअरी म्हणतो. मला उमज हा शब्द जास्त आवडतो. ती उमज असलेली माणसं पांगली की प्रोग्रॅम मेला, मग तो चालत का असेना. त्याने एका कंपायलरची हकीकत दिली आहे: एका गटाने लिहिला, दुसऱ्या गटाने पुढे न्यायला घेतला, सगळी कागदपत्रं हाताशी, विचारायला पहिला गटही हजर, तरी दुसऱ्यांनी सुचवलेले बदल मूळ रचनेला ठिगळं लावणारेच निघाले. नवीन माणसाला उमज द्यायची तर त्याला जाणत्यासोबत काम करायला बसवा, नुसती कागदपत्रं देऊन भागत नाही, असं त्याचं म्हणणं.

स्टूल! नाऊर स्टुलाबद्दल बोलतोय! मी अक्षरशः नवऱ्याला उठवून सांगितलं. तो म्हणाला, "बरं," आणि कुशीवर वळला.

आमच्या मुलांचं सगळं उलट. ती दरवर्षी पांगतातच, पांगण्यासाठीच तर प्रवेश घेतात. पूर्वी एमसीए तीन वर्षांचं होतं, तेव्हा सीनियर आणि ज्युनियर दोन वर्षं एका छताखाली असायचे. २०२०-२१ पासून ते दोन वर्षांचं झालं आणि गाठ पडते ती एकच वर्ष, त्यातलाही शेवटचा काळ इंटर्नशिपमध्ये जातो. तरी काकांचा प्रोग्रॅम जगला, कारण त्याची उमज मुलांकडे नव्हतीच. ती काकांकडे होती आणि काका कायम आहेत.

मग फ्रेड ब्रूक्स पुन्हा काढला. 'द मिथिकल मॅन-मंथ' मी परीक्षेसाठी किती वेळा शिकवलं असेल! १९७५ चं पुस्तक, आयबीएमच्या ओएस/३६० च्या अनुभवातून आलेलं. त्याच्या पहिल्याच प्रकरणात एक साधा हिशेब आहे आणि मी तो कधी स्वतःच्या विभागाला लावून पाहिला नव्हता. लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या मशीनवर चालतो तो नुसता प्रोग्रॅम. तो कोणालाही वापरता, तपासता, दुरुस्त करता यावा असा करायचा तर कष्ट तिप्पट. दुसऱ्या प्रोग्रॅमांशी जुळवून एका मोठ्या व्यवस्थेचा भाग करायचा तर तेही तिप्पट. दोन्ही हवं असेल तर नऊपट! म्हणजे आमचा चार मुलांचा ग्रुप एका सत्रात जे करतो ते एक, आणि विभागाला हवं ते नऊ. सत्रांत मोजलं तर साडेचार वर्षं.

सर म्हणतील, मग पंधरा ग्रुप आहेत ना, नऊ लावा कामाला, एका सत्रात झालं! पण त्याच पुस्तकातला तो प्रसिद्ध नियम वाट अडवून उभा: उशीर झालेल्या कामावर माणसं वाढवली की उशीर आणखी वाढतो, कारण नव्यांना समजावण्यात जुन्यांचा वेळ जातो आणि माणसं वाढली की आपसातलं बोलणं त्याहून जास्त वाढतं. पंधरा ग्रुप शेजारी शेजारी बसवले तर पंधरा दीपाली तयार होतील. एकामागून एक उभे केले तर? विहिरीवरून कळश्या हातोहात जातात तसे? मी पेन्सिल घेऊन नऊ चौकोन काढले आणि त्यांच्यामध्ये बाण. बाण काढताना लक्षात आलं, आपण गेली अठरा वर्षं चौकोनांना गुण देतोय. बाणांना एकदाही दिलेला नाही.

हे कोणी केलंय का जगात? केलंय! कॅनडात टोरांटो विद्यापीठाच्या कॉम्प्युटर सायन्स विभागात 'मार्कअस' नावाची प्रणाली आहे. विद्यार्थी आपला कोड तिच्यात जमा करतात, तपासणारे ब्राउझरमध्ये नेमक्या ओळीवर शेरा लिहितात, गुण देतात. लिहिली कोणी? विद्यार्थ्यांनी. कॅरन रीड आणि ग्रेग विल्सन या शिक्षकांच्या देखरेखीखाली, २००८ पासून, सत्रामागून सत्र. तिच्याआधीची होती तीही विद्यार्थ्यांचीच. ती पायथनमध्ये होती, ती बाजूला ठेवून रूबीत नव्याने लिहिली. पहिली मोडीत काढायला लाजले नाहीत! पुढे वॉटरलू विद्यापीठाने ती वापरली, फ्रान्समधल्या नांत शहरातल्या एकोल सेंत्रालने वापरली आणि तिथल्या मुलांनी तिच्यात भर घातली. कोड सगळ्यांना खुला आहे. रात्री एक वाजता मी त्यातल्या बदलांची यादी वाचत बसले होते, लोक वेब सिरीज बघतात तशी. मुलं बदलतात, उन्हाळ्यात पगारी विद्यार्थी असतात, आणि वर्षानुवर्षं न बदलणारं माणूस एक: रीड बाई! तिथल्या काका म्हणजे त्या बाई!

त्याच वॉटरलूत १९६५ च्या उन्हाळ्यात पदवीच्या चार विद्यार्थ्यांनी वॉटफॉर नावाचा फोर्ट्रान कंपायलर लिहिला, मुलांचे छोटे प्रोग्रॅम झटपट तपासून नीट चुका सांगणारा. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेतल्या डार्टमथमध्ये केमेनी आणि कुर्त्झ या गणिताच्या दोन प्राध्यापकांनी बेसिक भाषा चालवून दाखवली, तेव्हा तिच्याखालची टाइमशेअरिंगची व्यवस्था लिहिण्यात पदवीची पोरं होती. तारीख १ मे १९६४, पहाटेचे चार. महाराष्ट्र दिन की हो! आणि लांब कशाला, पवईला आयआयटीत मुलं रोज उघडतात ते इन्स्टीअॅप त्यांच्यासारख्याच मुलांनी केलेलं आहे.

रिपोर्ट दोन पानांचा नऊ पानांचा झाला. सर म्हणाले, "मी दोन पानं म्हटलं होतं, मॅडम." पण वाचला त्यांनी. आणि जानेवारीत दोन ग्रुप दिले.

अट अशी घातली की नवीन काही सुरू करायचं नाही. काकांचा प्रोग्रॅम घ्या, त्यालाच हजेरी जोडा. पहिले चार आठवडे एकही नवी ओळ लिहायची नाही, फक्त वाचायचं आणि स्टुलावर बसायचं. काय गदारोळ झाला! एक मुलगा म्हणाला, "मॅडम, रेझ्युमेवर काय लिहू? दुसऱ्याचा कोड पुसला?" म्हटलं, नोकरीत पहिली दोन वर्षं दुसरं काय करणार आहेस? तो गप्प बसला, पण पटलेलं नव्हतं, आणि खरं सांगते, त्याचा मुद्दा अगदीच चुकीचा नाही. नव्या विषयाची झिंग असते, ती मी त्याच्याकडून काढून घेतली होती.

पण दुसऱ्याच आठवड्यात त्याच ग्रुपमधली एक मुलगी धावत आली. काकांच्या यादीत एका मुलाच्या नावावर एक पेन ड्राइव्ह होता आणि तो मुलगा शपथेवर सांगत होता, मी घेतलाच नाही. तिने कोड खणला. मूळ प्रोग्रॅममध्ये माणूस ओळखायचा तो रोल नंबरवरून. पण रोल नंबर दरवर्षी नव्याने पडतात! एटीकेटी लागलेल्याचा, वर्ष राहिलेल्याचा तर हमखास बदलतो. कायम राहतो तो पीआरएन. म्हणजे गेल्या वर्षीच्या सतरा नंबरची उधारी यंदाच्या सतरा नंबरच्या गळ्यात! ती हे सांगताना तिच्या हातातली वही थरथरत होती. काका शांतपणे म्हणाले, "म्हणून तर मी दर मार्चमध्ये सगळं कागदावर उतरवतो आणि पाटी पुसून टाकतो." दहा वर्षं काका मार्चमध्ये हे करत होते आणि आम्हाला वाटायचं ते मार्चएंडचं काहीतरी असेल.

इंटर्नलच्या गुणांची वाटणी आता बदलली आहे. ग्रुपबाहेरच्या एकाला फक्त सूचनांचा कागद द्यायचा, त्याने अर्ध्या तासात दुसऱ्या मशीनवर प्रोग्रॅम चालू करून दाखवला तर गुण. आधीच्या कोणाची चूक शोधून दुरुस्त केली तर गुण. काढून टाकलेल्या ओळींनाही गुण. आणि दहा गुण काकांच्या हातात! हे मी प्रस्तावात लिहिलं तेव्हा एका सहकाऱ्यांनी भुवया इतक्या वर नेल्या की काय सांगू.

काही गोष्टींना हात लावायचा नाही हेही लिहिलं. गुण, फी, निकाल. पोरांच्या हुशारीवर माझा विश्वास आहे, पण मित्राचे गुण ज्या तक्त्यात आहेत त्याची किल्ली मित्राकडे द्यायची नसते, आणि चूक झाली तर उत्तर द्यायला पुढच्या वर्षी तो मुलगा इथे असणार नाही. खरा डेटाही द्यायचा नाही. वैयक्तिक माहितीचा २०२३ चा कायदा आहेच, पण कायदा नसता तरी कोणाचा मोबाइल नंबर वर्गभर फिरावा असं मला वाटलं नसतं. मग मुलांनी चाचणीसाठी बनावट यादी केली, सगळी पेशवाईतली नावं. राघोबादादा सध्या बासष्ट टक्के हजेरीवर डिफॉल्टर लिस्टमध्ये आहेत.

अडतंय ते मे-जूनमध्ये. मुलं घरी जातात आणि प्रवेशाची धांदल नेमकी तेव्हाच, म्हणजे सिस्टीम लागणार तेव्हा दुरुस्त करणारं कोणी नाही. टोरांटोत उन्हाळ्याचे पैसे देतात. मला एकदम आठवलं, आपल्याकडे 'कमवा आणि शिका' आहे की! कर्मवीर भाऊराव पाटलांनी ज्या कल्पनेवर मुलं शिकवली तीच. तासावर पैसे मिळतात, आमची कितीतरी मुलं त्यावर मेसचा खर्च भागवतात. मी अर्ज घेऊन गेले. टेबलापलीकडच्या गृहस्थांनी विचारलं, "बागकाम, ग्रंथालय, कार्यालयीन मदत. यातलं कशात बसवू?" कोड लिहिणं कार्यालयीन मदतीत बसतं की नाही यावर फाइल सध्या फिरते आहे. मी दर दोन दिवसांनी विचारायला जाते. कंटाळून तरी बसवतील.

आणि एक गोष्ट मी रिपोर्टमध्ये लिहायला विसरले होते, ती काकांनीच सांगितली. ते पुढच्या वर्षी जूनमध्ये रिटायर होतायत.

त्यामुळे आता पहिल्या वर्षाची एक मुलगी रोज दुपारी तीन ते पाच त्यांच्याजवळ बसते. काल मी दारातून पाहत होते. स्टुलाच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातलेली, मांडीवर वही. काका सांगत होते, "तीन दिवसांनी लाल. पण शनिवार धरायचा नाही."

"आणि रविवार, काका?"

काका थांबले. चष्मा कपाळावर गेला. पडद्याकडे बघत राहिले थोडा वेळ.

"रविवार होय," ते म्हणाले, "रविवार मी मनातल्या मनात वजा करतो."